माझ्या सहीखाली त्याची सही

माझ्या मित्राच्या वडिलांच्या अंत्यविधीला मी गेलो होतो, पण पुढे जायची हिंमत झाली नाही. सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. थोरला मुलगा, म्हणजे माझा मित्र, दुबईत होता आणि त्याला येता येत नव्हतं, म्हणून धाकट्याने अग्नी दिला. थोरल्याला येता येत नव्हतं त्याचं कारण मी होतो. जमलेल्यांपैकी हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. तिने ते तिथे कुणाला सांगितलं नाही.

आम्ही हैदराबादचे मराठी. वडील सरकारी खजिन्यात कारकून होते, मी इंटरला असताना गेले. आईने मला काचीगुड्याच्या एका गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत वाढवलं. नळ आणि संडास चार बिऱ्हाडांत मिळून एक. तिचं सगळं आयुष्य रांगेत गेलं असं ती म्हणायची. कुरकुरत नाही, नुसतं सांगितल्यासारखं. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, इकडे काही वर्षं साइटवर काढली, लग्न झालं, मुलगी झाली, आणि मग दुबईला गेलो. बायको-मुलगी आईजवळच राहिल्या. एका बांधकाम कंपनीत बिलांसाठी मोजमापं काढायचं माझं काम होतं. अकरा वर्षं ते केलं.

खोलीत आम्ही सहा जण. एकावर एक पलंग. माझ्या वरच्या पलंगावर जो झोपायचा तो दिलसुखनगरचा तेलुगू माणूस, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक. एकाच शहरातले म्हणून पहिल्या दिवसापासून जमलं. आम्ही आपसांत हैदराबादी हिंदीत बोलायचो. सुट्टीच्या दिवशी तो पप्पू म्हणजे त्यांची ती आंबट वरणासारखी डाळ करायचा, मी पिठलं. माझ्या पिठल्याला तो हसायचा आणि सगळ्यांत जास्त तोच खायचा. रोज संध्याकाळी कामावरून आला की बूटसुद्धा न काढता वडिलांना फोन लावायचा. ते सिटी बसचे निवृत्त कंडक्टर. जेवलात का, गोळी घेतली का, गुडघा काय म्हणतोय, एवढंच विचारायचा. पलीकडून काय उत्तर येई ते मला ऐकू येत नसे, पण त्याचा चेहरा सैल व्हायचा.

तारनाक्याचा फ्लॅट मी सुट्टीवर आलो असताना पाहिला. दुसरा मजला, लहानसाच, मागच्या बाजूला बाल्कनी आणि पलीकडे विद्यापीठाच्या बाजूची झाडी. आई सगळ्या घरातून एकदा फिरली आणि बाथरूमच्या दाराशी थांबली. आत गेली, आतून कडी लावली, पुन्हा काढली. "चांगली बसते रे कडी," एवढंच म्हणाली. मी त्याच दिवशी ठरवलं.

इमारत जुनी होती, कागदांत काही उणं होतं. इथल्या बँका कर्ज देईनात. मी परत गेलो आणि तिकडच्या बँकेतून पगारावर कर्ज काढायचं ठरवलं. माझी कंपनी त्यांच्या यादीत नव्हती, म्हणून जामीनदार मागितला. त्याने सही करायची आणि सही केलेला एक कोरा चेक ठेवायचा. मी दोन दिवस कुणाला विचारावं याचा विचार करत होतो. तो वरच्या पलंगावरून वाकून म्हणाला, "काय कू सोचरा? सहीच तो माँगरा, किडनी तो नै माँगरा."

बँकेत माझ्या सहीखाली त्याने सही केली. बाहेर आल्यावर आम्ही चहा प्यालो. त्याचे पैसेही त्यानेच दिले.

चार वर्षं मी हप्ते नीट भरले. मग कंपनीची कामं थांबली, पगार थांबले, आणि एके दिवशी गेटवर कामावरून काढलेल्यांची यादी लागली. माझं नाव त्यात होतं. दोन महिन्यांचा पगार अडकलेला, व्हिसाची मुदत संपत आलेली. मी तिकीट काढलं. विमानतळावर तो मला सोडायला आला. मी म्हणालो, "महिन्याभरात येतो, दुसरीकडे बोलणं चाललंय." तो म्हणाला, "हौ, आरामसे आ." मी त्या वेळी खोटं बोलत होतो का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. माझी बॅग मात्र जरुरीपेक्षा जड होती. हिवाळ्याचे कपडेही मी तिकडे ठेवले नव्हते.

घरी मी सांगितलं की कंपनी बंद पडली आणि सगळा हिशेब मिटवून आलो. बायकोने देवापुढे साखर ठेवली. काचीगुड्याला एका कंत्राटदाराच्या ऑफिसात नोकरी मिळाली. पगार तिकडच्या पाव भागाएवढाही नव्हता. तिकडचं सिमकार्ड मी काढून टाकलं. व्हॉट्सॅप मात्र काही दिवस चालू होतं, आणि त्यावर त्याचे निरोप यायला लागले. आधी, कधी येतोस. मग, बँकेवाले तुझी चौकशी करतायत. मग, बँकेने माझा चेक टाकला, वटला नाही, इथे तो गुन्हा धरतात. मी एकालाही उत्तर दिलं नाही. उद्या देऊ म्हणायचो. उद्या नोकरी बदलेल, उद्या पगार वाढेल, मग काहीतरी आकडा हातात घेऊनच बोलू.

शेवटी त्याच्या आवाजातला निरोप आला. मी तो काचीगुडा स्टेशनच्या बाहेर, दुचाकी लावायच्या जागी उभा राहून ऐकला. तो म्हणत होता, "भई, मेरेकू पोलीस स्टेशन बुलाए. पासपोर्ट रख लिये. तू एक बार उनसे बात कर ले. मैं तेरेकू कुछ नै बोलता. बस बात कर ले." तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मी कदाचित फोन केला असता. भांडलो असतो, पण बोललो असतो. तो निरोप मी पुसला आणि त्याचा नंबर ब्लॉक केला.

त्यानंतर मी दिलसुखनगरला जायचं सोडलं. त्या बाजूला साइट असली की लांबचा रस्ता धरायचो आणि ऑफिसात पेट्रोलवरून बोलणी खायचो. मुलगी दहावी झाली तेव्हा तिला दिलसुखनगरच्याच एका कोचिंगला जायचं होतं, तिच्या दोन मैत्रिणी तिथे होत्या. मी नाही म्हणालो. तिने कारण विचारलं, मी आवाज चढवला. ती रडली. बायको माझ्याकडे बघत राहिली.

आई मात्र त्या घरात सुखात होती. रंगाच्या रिकाम्या डब्यांत तिने कढीपत्ता आणि तुळस लावली. दुपारी बाल्कनीत बसून डाळ-तांदूळ निवडायची. पहाटे मोर ओरडला की मला उठवायची, "ऐक, ऐक." साठी उलटलेल्या बाईला असं लहान मुलीसारखं झालेलं पाहिलं की मला वाटायचं, जे केलं ते काही अगदी वाईट नव्हतं.

अडीच वर्षं अशी गेली. घराचा पत्ता त्याला माहीत होता, तरी त्याने कुणाला आमच्या दारी पाठवलं नाही.

एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. बायकोने दार उघडलं. बाहेर पस्तिशीची एक बाई उभी होती, साधी साडी, केस नीट बांधलेले नव्हते. मी आतल्या खोलीतून तिला पाहिलं आणि ओळखलं. मित्र तिला व्हिडिओ कॉल लावायचा तेव्हा मी कितीदा पलंगावर बसल्या बसल्या हात हलवला होता. मी तिला वदिना म्हणायचो. तेलुगूत वहिनीला तसं म्हणतात.

ती माझ्या बायकोला म्हणाली, "अन्ना हैं क्या? बस दो मिनट."

मी बाहेर आलो. ती आत आली नाही, उंबऱ्याच्या पलीकडेच राहिली.

"अन्ना, मामय्या रात गुजर गये," ती म्हणाली. मामय्या म्हणजे तिचे सासरे. "उनो दुबई से आने कू तडप रे. कोर्ट से रोक है, नै छोडरे. तुम बँक कू फोन करके बोलो ना. चार दिन के वास्ते छोडो बोलो. फिर वापस चले जाते बोलो. करज तुम्हारा है बोलो."

बायको माझ्याकडे वळली. "कुणाचं कर्ज?"

 वदिनाने तिच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की या बाईला काहीच माहीत नाही. ती गप्प झाली. मला वाटतं, माझ्या आयुष्यात कुणी मला एवढं झाकलं नसेल.

मी त्या बँकेला पहिल्यांदा फोन लावला तो तेव्हा, वदिनाच्या समोर उभं राहून. बराच वेळ गाणं वाजलं. मग एका बाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की प्रकरण कोर्टात आहे, बँकेला काही करता येणार नाही. पूर्ण रक्कम भरली तर पत्र मिळेल, त्यानंतर कोर्ट काय ते ठरवेल. आज? आज नाही, सर. मी चार दिवसांचं विचारलं. ती म्हणाली, मला वाईट वाटतं, सर.

"नै होता क्या?" वदिनाने विचारलं.

मी नाही अशी मान हलवली. ती थोडी उभी राहिली आणि जिना उतरून गेली. भांडली नाही. खाली रिक्षा थांबवलेली होती, ती सुरू झाल्याचा आवाज आला.

संध्याकाळी मी स्मशानात गेलो. वदिनाच्या भावाने हातात फोन धरला होता आणि तो चितेकडे वळवला होता. पडदा माझ्यापासून लांब होता. त्यावर एक चेहरा आहे एवढंच दिसत होतं. मधेच कुणीतरी, "कट झालं, कट झालं," असं तेलुगूत म्हणाल्याचं ऐकू आलं. मी त्याच्या वडिलांना जिवंतपणी कधी भेटलो नव्हतो. त्यांचा गुडघा, त्यांची गोळी मात्र मला माहीत होती.

घरी आलो तेव्हा बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. स्वयंपाक झालेला नव्हता. मी तिला सगळं सांगितलं. अगदी बॅग जड होती तेही.  शेवटी म्हणाली, "अहो, त्या माणसाने तुरुंगात दिवस काढावेत आणि आपण इथे मोर ऐकावेत?"

"तुरुंगात नाही तो. कामावर जातो, स्मशानात ऐकलं. फक्त देश सोडता येत नाही."

"मग काय म्हणतात त्याला?" ती म्हणाली.

फ्लॅट विकायचा हे ती म्हणाली नाही, मीही म्हणालो नाही. बाल्कनीच्या दारात आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "उद्याच एखाद्या दलालाला सांग."

एवढ्या लगेच ती म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. त्याचं कारण तीन आठवड्यांनी, सामान बांधताना कळलं. आई जमिनीवर बसून स्टीलची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी खोकी दोरीने आवळत होतो. मान वर न करता ती म्हणाली, "मला ठाऊक होतं रे."

"काय?"

"कर्जाचं. त्या बँकेचा माणूस मला फोन करायचा. तूच दिला असशील माझा नंबर कुठल्या फॉर्मवर. अम्मा, अम्मा म्हणून बोलायचा. मी म्हणायचे, मुलगा माझ्याजवळ राहत नाही."

"कधीपासून?"

"तू आलास त्या दिवाळीपासून."

मी दोरी सोडून तिच्याजवळ बसलो. "मग बोलली का नाहीस?"

तिने डब्याचं झाकण लावलं, मग उघडलं, त्यात वाट्या ठेवल्या. "बोलले असते तर घर गेलं असतं. म्हटलं, अजून थोडे दिवस. रोज तसंच म्हणायचे. त्या माणसाला धरून ठेवलंय हे खरंच माहीत नव्हतं मला. पण कुणीतरी भोगत असेल, एवढं कळायला पाहिजे होतं. तुझ्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याचे पैसे सांभाळले, एक पै इकडची तिकडे झाली नाही." मग जरा थांबून म्हणाली, "मला आवडलं होतं रे इथं."

मला तिचा राग यायला हवा होता की नाही, माहीत नाही. राग आला नाही. इतकी वर्षं मी तिच्यासाठी खोटं बोलत होतो आणि ती माझ्याशी खोटं बोलत होती, आणि आम्ही दोघं रोज एका ताटलीत पापड मोडून जेवत होतो.

घाईत विकल्यामुळे भाव पडून मिळाला. बँकेच्या वतीने इथली एक वसुली एजन्सी बोलत होती. ऑफिसातल्या वकिलाने मला बजावलं की एजंटच्या हातात एक रुपया द्यायचा नाही, जे काय ते पत्र घेऊन थेट बँकेच्या खात्यात. बरेच फोन झाले. शेवटी व्याजाचा मोठा भाग त्यांनी सोडला. मी एकरकमी पैसे पाठवले. तडजोडीचं पत्र यायला महिना लागला, केस मागे घ्यायला त्याहून जास्त. प्रत्येक कागद आला की बायको तो स्वतः वाचायची, इंग्रजीत अडलं तर मुलीला विचारायची. माझ्या सांगण्यावर तिने विश्वास ठेवणं सोडलं होतं, आणि मी तो मागितलाही नाही.

आम्ही परत काचीगुड्याला आलो. जुनी जागा मिळाली नाही, तिथे आता लॉज आहे. दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. आईला जिना चढवेना, म्हणून ती खाली उतरेना. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. ती तक्रार करत नव्हती. पावसाळा सरता सरता तिला ताप आला, तो छातीत उतरला, आणि नवव्या दिवशी ती गेली. दवाखान्यात तिने मला दोनदा विचारलं, "आला का तो घरी?" दोन्ही वेळा मला नाही म्हणावं लागलं. कागद अजून कोर्टात होता. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बायको पटकन म्हणाली, "आले, आई. काल आले." आईने डोळे मिटले. खोटं न चालणारी माझी बायको ते एक खोटं बोलली, आणि बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकवून रडली.

तो खरंच यायला पुढे दोन महिने लागले. वदिनाने फोन करून कळवलं. "आ गये," एवढंच.

फ्लॅटचे जे पैसे उरले होते ते मी वेगळे ठेवले होते. अडीच-तीन वर्षं कोर्टाच्या हुकमाने त्याच्या पगारातून कापले गेलेले, वकिलाला दिलेले, सगळे त्यात भागणार नव्हते, पण पुष्कळसे भागणार होते. मी ते घेऊन एका सकाळी दिलसुखनगरला गेलो. कोचिंग क्लासच्या पाट्यांमागची गल्ली, खाली वदिनाचं शिवणकामाचं दुकान, वर घर. तो खुर्चीवर बसला होता. केस सगळे पांढरे. मला पाहून उठला नाही, पण बस म्हणाला.

वदिनाने पाणी आणलं. भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटो होता. कंडक्टरच्या पोशाखातला, जुना.

मी बरंच पाठ करून गेलो होतो. त्यातलं काही बोलता आलं नाही. "माझं चुकलं," असं मराठीतच म्हणालो. त्याला तेवढं समजत होतं.

तो फोटोकडे बघत आमच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाला, "मी मशीन रूममध्ये बसून पाहिलं. लिफ्टच्या, गच्चीवरच्या. खाली सगळे होते, रडायला जागा नव्हती. रेंज नीट नव्हती तिथे. दोनदा कट झालं. अग्नी देतानाच कट झालं."

मी हातातली पिशवी टीपॉयवर ठेवली आणि काय आहे ते सांगितलं. मला वाटलं होतं तो ढकलून देईल. माझ्या मनात मी तसंच पाहिलं होतं, आणि मग मी आग्रह करीन, असंही.

त्याने पिशवी स्वतःकडे ओढली. "लेता मैं," तो म्हणाला. "नै बोलने की औकात नै है मेरी."

 खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता. मी उठलो. तो दारापर्यंत आला आणि कठड्याला धरून उभा राहिला.

"माझ्या मनात राग नाही," तो म्हणाला. "होता, संपला. तिकडे असताना रोज तुझ्याशी बोलायचो मी मनात. शिव्या द्यायचो, मग जेवलास का विचारायचो. आता तू समोर आलास तर काय बोलू तेच सुचत नाही. परत नको येऊ. बुरा मत मान."

"नाही," मी म्हणालो.

"हौ. जा आता."

मी जिना उतरलो. दुकानात वदिना एका बाईच्या ब्लाउजचं माप घेत होती, तिने टेप गळ्यात टाकून मान हलवली. मी बसने घरी आलो.

बायकोने विचारलं, "घेतले का?"

"घेतले."

"आणि?"

"परत येऊ नको म्हणाला."

 "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली, आणि मग किती तरी महिन्यांनी माझ्या शेजारी येऊन बसली. आम्ही दोघं बसून राहिलो. मुलगी कॉलेजातून यायची वेळ झाली तेव्हा बायको कुकर लावायला उठली.